ना-हरकत

वैजयंता उमरीकरांना आईने लहानपणी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. ताटावर बसून 'नको' म्हणायचं नाही, 'पुरे' म्हणायचं. आणि कुणाचा धक्का लागला, कुणाकडून काही सांडलं, तर समोरचा माणूस ओशाळायच्या आत 'हरकत नाही' म्हणून त्याला मोकळं करायचं. पहिल्या शिकवणीने बाईंचं वजन वाढलं. दुसरीने काय झालं, ते सांगायचं आहे.

बाई मूळच्या परभणीच्या. तिथल्या बालकल्याण समितीवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. समितीसमोर आलेल्या मुलांचे जबाब त्या जसेच्या तसे लिहून घ्यायच्या. कारकून सवयीने लिहायचा, 'बालकाने नकार दर्शविला.' बाई विचारायच्या, "पोरगं काय म्हणालं?"

"नको म्हणालं, बाई."

"मग तेच लिहा की. नकार तुम्ही-आम्ही दर्शवतो. लेकरं नको म्हणतात."

या हट्टापायी त्यांचं नाव झालं आणि जागतिक बालहक्क परिषदेवर स्वतंत्र सदस्य म्हणून त्या नैरोबीला आल्या. एखाद्या सरकारने आपलं मूल हिरावून नेलं असेल, तर जगातल्या कुठल्याही आईबापाला या परिषदेकडे अर्ज करता येई. परिषदेचा सगळ्यांत जुना नियम असा होता, की मूल बोलू लागलं की कुणी जागचं उठायचं नाही, आणि त्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय तो विषय बंद करायचा नाही; बोलणं पुरं होईना, तर अर्जातल्या मुलाला समोर आणून ते ऐकायचं. आणि या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी यंदा नाव आलं होतं कास्पेरा देशाच्या राजदूताचं.

कास्पेरात सरकारविरुद्ध कुणी भिंतीवर एक ओळ लिहिली, तरी त्याची मुलं शाळेतूनच उचलून नेत. त्यांना ज्या जागी ठेवत तिला सरकार 'संस्कार केंद्र' म्हणे. तिथून आईबापांना वर्षाला एक फोटो येई. असल्या सरकारचा वकील मुलांच्या हक्कांचा रखवालदार होणार म्हटल्यावर जगभरातून हरकतींचा पाऊस पडला. शिक्षकांच्या संघटना, डॉक्टर, सुटून आलेली मुलं, सगळे परिषदेच्या फाटकाबाहेर फलक घेऊन उभे राहिले. पण बाहेरच्या हरकतीला किंमत नव्हती. नियमाप्रमाणे सदस्याचीच हरकत मोजली जाई. मात्र ती एकच पुरे होती. एका सदस्याने जरी 'माझी हरकत आहे' म्हटलं, तर नाव बाद.

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? कास्पेराच्या जमिनीत बॅटऱ्यांना लागणारं लिथियम होतं आणि बहुतेकांच्या देशांना ते हवं होतं. सदस्य एकमेकांकडे बघत आणि शेवटी सगळे वैजयंताबाईंकडे बघत. बाईंनाही ते ठाऊक होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या इल्दाला त्यांनी शब्दच दिला होता.

इल्दा कास्पेरातली भूगोलाची शिक्षिका. नवरा तुरुंगात, आठ वर्षांची आयेरा संस्कार केंद्रात आणि ही देशोधडीला लागलेली. तिचा अर्ज परिषदेसमोर होता. नवा अध्यक्ष आपल्या देशाविरुद्धचे अर्ज निकाली काढू शकत होता, त्यामुळे राजदूत अध्यक्ष झाला तर आयेराचा अर्ज पहिल्याच बैठकीत कचऱ्यात जाणार हे दोघींनाही दिसत होतं.

"मी आहे ना," बाई तिला म्हणाल्या होत्या.

*

दोघी एकमेकींशी बोलत ते कुडीतून. त्या यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक होतं. कानाच्या पाळीत बसतं म्हणून बाई त्याला कुडी म्हणत.

कुडी शब्दाला शब्द लावून भाषांतर करत नसे. माणूस बोलला की त्याचा शब्द, श्वास आणि स्वर एकत्र घेऊन ती अर्थाचा एक नकाशा तयार करी आणि तोच नकाशा ऐकणाऱ्याच्या भाषेत, बोलणाऱ्याच्याच आवाजात उतरवी. शिवाय ती बोलण्याचा खरेपणा मोजे. मनात नसलेलं बोलताना माणूस पहिल्या अक्षराआधी किंचित अडखळतो आणि स्वरतंतूंची बारीक थरथर बदलते. आपल्याला ऐकू न येणारा तो फरक यंत्राने लाखो माणसांच्या बोलण्यावरून शिकून घेतला होता. दुभाषे विकत घेता येतात, यंत्र घेता येत नाही, म्हणून परिषदेने मतदानच बंद केलं होतं. हरकतीच्या आठवड्यात सदस्याने मायबोलीत जे म्हटलं आणि मनापासून म्हटलं, ते कुडी टिपणार आणि तेच त्याचं मत. एकदा दिलेलं मत फिरवायची सोय नव्हती. पूर्वी राजधानीतून एक फोन आला की सदस्य रात्रीतून पालटत, त्यावरचा हा उपाय होता. साक्ष देणाऱ्या मुलांचे चेहरे झाकलेले आणि आवाज बदललेले असत. तेव्हा आतून मूलच बोलतंय, की कुणी पढवलेलं मोठं माणूस, हेसुद्धा कुडीच शब्दांवरून आणि खरेपणावरून ठरवी. मूल बोलतंय अशी खात्री पटली की सगळ्यांच्या कानात दोनदा किणकिण होई आणि अध्यक्षांच्या टेबलावर निळा दिवा लागे.

यंत्र चोख होतं. फक्त त्याचं मराठी ऐकताना बाईंना तहसील कचेरीत उभं राहिल्यासारखं वाटे. इल्दा रडत रडत काहीतरी म्हणे आणि बाईंच्या कानात तिच्याच हुंदक्यांसकट शब्द येत, "सदर मुलगी माझी आहे. ती मला परत मिळणेबाबत विनंती." पहिल्यांदा बाईंना हसू आलं होतं. मग त्याची त्यांना फार लाज वाटली.

*

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी बैठकीआधी चहा होता. बाईंनी 'माझी हरकत आहे' हे वाक्य घोकून ठेवलं होतं. बैठकीत, सगळ्यांदेखत, राजदूताच्या तोंडावर म्हणायचं असं ठरवलं होतं. कोर्टात साक्ष उघडपणे द्यावी, व्हरांड्यात पुटपुटू नये, ही त्यांची जुनी शिस्त.

कप घेऊन त्या वळल्या आणि राजदूत बेसिम ओर्लान त्यांच्यावर आदळले. चहा सगळा साडीवर. उंच, गोरा, केस चापून बसवलेला माणूस. तो कळवळून काहीतरी म्हणाला आणि कुडीत आलं, "दिलगीर आहे. अध्यक्षपदी विराजमान होण्याच्या घाईत मी आपणास उपद्रव देत आहे. आपली काही हरकत?"

"छे छे, हरकत नाही," बाई पदर झटकत म्हणाल्या. "अगदी हरकत नाही."

त्यांनी समोरच्या माणसाचं ओशाळलेलं तोंड पाहिलं आणि आईच्या शिकवणीने काम केलं. विचार करायला मधे जागाच नव्हती.

पुढे बैठकीत नाव पुकारलं गेलं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या भाषेत निकाल उमटला. बाईंच्या समोर मराठीत आलं: 'प्राप्त हरकती: निरंक.'

बाई उभ्या राहिल्या. "माझी हरकत आहे!" त्या ओरडल्या. पण त्यांच्यापुढचा माइक लागलाच नाही. सचिवांनी दिलगिरीच्या सुरात सांगितलं, की सदस्या उमरीकर यांचं मत आधीच नोंदलं गेलं आहे. ना-हरकत. दोनदा. खरेपणा पूर्ण.

वरच्या सज्जात इल्दा बसली होती. तिने बाईंकडे नुसतं पाहिलं.

*

यंत्राचा अभियंता ओटिएनो हा नैरोबीचाच, मोठा मनमिळाऊ तरुण. त्याने बाईंना स्वतःच्या खोलीत बसवून नोंद ऐकवली. बाईंनी स्वतःचाच आवाज ऐकला, गोड आणि घाईचा.

"अहो, ते चहाबद्दल होतं!"

ओटिएनोचं बोलणं कुडीतून सरकारी होऊन येत होतं. त्यातलं सरकारीपण काढलं, तर तो असं म्हणत होता: "कळलं मला. आमच्यातही कुणाचा धक्का लागला तर 'हाकुना नेनो' म्हणतात. शब्दशः पाहिलं तर, 'शब्द नाही'. पण स्वाहिली हे यंत्र बाजारात, चहाच्या टपरीवर, माझ्या आजीसारख्यांच्या गप्पांवर शिकलं. तुमची भाषा शिकवायची वेळ आली तेव्हा घरचं बोलणं मिळालंच नाही. फोनवरचं तुमचं मराठी इंग्रजी अक्षरांत, त्यात निम्मी हिंदी. ते अशुद्ध म्हणून गाळलं. नीटनेटकं, तारीखवार लावलेलं काय सापडलं? राजपत्रं, नोटिसा, न्यायालयाचे हुकूम. त्यात 'हरकत नाही'चा एकच अर्थ आहे."

"ना-हरकत दाखला," बाई म्हणाल्या.

"तोच. बोली म्हणावी अशी एकच लहानशी पेटी मिळाली. मुलांचे जबाब. बरेचसे तुमच्याच जिल्ह्यातले."

"मग चूक दुरुस्त करा ना."

"करता येईल. अर्ज द्यावा लागेल." त्याने नोंद बंद केली. "अध्यक्षांकडे."

बाईंना हसावं की रडावं ते कळेना. आयुष्यभर त्यांनी लोकांना सांगितलं होतं, तुम्ही काय म्हणालात तेच लिहिलं जाईल. आता तेच लिहिलं गेलं होतं.

*

हरकतीच्या आठवड्यात इमारतीबाहेरही कुडी कानातून काढायची नव्हती. त्यामुळे घरी परभणीला फोन केला तरी नवराबायको परक्यासारखं जपून बोलत. जेवण झालं का, झालं, बरं. त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर बाईंनी कुडी काढून ठेवली आणि दिगंबररावांना सगळं सांगितलं.

"काय करून बसलीस गं वैजू," दिगंबरराव म्हणाले. "एवढी मोठी बाई तू, अन् तुला साधं नको म्हणता येत नाही."

"कुणाला नको म्हणू? चहाला?"

"अगं, सवयच तुझी ती. मी बघायला आलो तेव्हा तुझ्या बाबांनी तुला आतल्या खोलीत विचारलं. काय म्हणालीस?"

"माझी हरकत नाही, म्हणाले."

दिगंबररावांनी हलक्या आवाजात विचारलं, "ते तरी मनातनं म्हणालीस का, का मी ओशाळू नये म्हणून?"

हा प्रश्न त्यांच्या संसारात कधीच निघाला नव्हता. बाईंना उत्तर पाठ असायला हवं होतं. पण आत्ताच्या घडीला 'तसं नाही हो', 'काहीतरीच काय' असले सगळे शब्द त्यांना संशयास्पद वाटू लागले होते. त्या शब्द शोधत राहिल्या आणि तेवढ्यात दिगंबरराव म्हणाले, "राहू दे. जेवून घे." फोन बंद झाला. बाईंनी परत लावला, तो उचलला गेला नाही.

*

दुसऱ्या दिवशी नवे अध्यक्ष स्वतःच्या पायांनी बाईंच्या कचेरीत आले. मागे एक माणूस, त्याच्या हातात खोका. परिषदेच्या इमारतीत कुडी सक्तीची होती. खोक्यात जांभळी पैठणी होती, नाजूक मोरांची.

"आपल्या वस्त्राची हानी झाली," कुडी म्हणाली. "त्यापोटी ही अल्प भेट स्वीकारावी."

बाईंच्या ओठांवर आपोआप शब्द आले, 'अहो, कशाला, राहू द्या.' त्यातला 'रा' उच्चारला जाणार तोच त्या थबकल्या. राहू द्या! राजपत्रात राहू द्या म्हणजे काय? ठेवा. इथेच ठेवा. सदस्येने भेट स्वीकारली. राजदूत हसत उभे होते आणि त्यांची नजर बाईंच्या ओठांवर होती. तेव्हा बाईंना कळलं, की चहासुद्धा चुकून सांडला नव्हता. या माणसाने आपल्या वकिलातीकडून त्यांच्या भाषेचा पुरता अभ्यास करून घेतला होता. मराठी माणसाच्या संकोचाला किती दारं आहेत आणि त्यातली कुठली बाहेरून उघडतात, हे त्याने मोजून ठेवलं होतं.

"आपली भाषा मला आवडते," राजदूत म्हणाले. "तीत नकार कुठेही आढळून येत नाही."

कोणताही शब्द घ्यावा तर त्याच्या पोटात दुसरा अर्थ. असू द्या, बघू, बरं, कशाला, चालेल. रोजच्या वापरातली सगळी भांडी कुणीतरी गळकी करून ठेवली होती. आणि मग, आईच्या शिकवणीविरुद्ध जाऊन, मागेपुढे काही न लावता, त्या म्हणाल्या:

"नको."

कुडीत दोनदा किणकिण झाली.

बाई दचकल्या, पण त्यांच्याहून जास्त दचकले राजदूत. त्यांच्या कानात काय गेलं कोण जाणे. क्षणभर त्यांनी बाईंच्या मागे पाहिलं, तिथे कुणी लहान मूल उभं असावं तसं. मग ते खोका घेऊन निघून गेले.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. राजपत्रात कधी कुणी 'नको' लिहीत नाही. सरकार 'नामंजूर' लिहितं, 'फेटाळण्यात येत आहे' लिहितं. यंत्राला तो शब्द भेटला होता एकाच ठिकाणी, ओटिएनोच्या त्या लहानशा पेटीत. परभणीच्या पोरांच्या तोंडून. कारकुनाच्या हातून त्यांनीच लिहवून घेतलेला.

*

पहिल्या बैठकीत पहिलाच विषय आयेराच्या अर्जाचा होता. सज्जात इल्दा येऊन बसली होती. निकालाच्या दिवसापासून ती बाईंशी बोलली नव्हती आणि बाईंचीही तिच्यासमोर जायची छाती झाली नव्हती.

अध्यक्षांनी अर्ज वाचून दाखवला आणि कुडीत आलं, "सदर बालिका संस्कार केंद्रात सुखरूप असल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तत्पूर्वी कोणास काही म्हणावयाचे आहे काय?"

सगळे खाली बघत बसले. बाईंना एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यायची होती. आपण खोटं बोलणार आहोत का? जन्मभर त्या खोट्या साक्षीविरुद्ध भांडल्या होत्या. पण मनातलंच तर म्हणायचं होतं. चहाच्या वेळी म्हणायचं राहून गेलेलं. त्यांनी माइक ओढला.

"नको."

सगळ्यांच्या कानात दोनदा किणकिण झाली. अध्यक्षांच्या टेबलावर निळा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'बालकाचे निवेदन सुरू आहे. कृपया कोणीही उठू नये.'

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "येथे बालक उपस्थित नाही!" ते म्हणाले. "यंत्राची चूक झाली आहे."

सचिव बसल्या जागेवरून बोलल्या. त्यांच्या आवाजात दिलगिरी होती, पण डोळ्यांत ती नव्हती. "यंत्राची नोंद अंतिम असते, अध्यक्षमहाराज. आपली निवडही त्याच नोंदीने झाली आहे. ही नोंद चुकीची धरायची, तर तीही पुन्हा तपासावी लागेल."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. बाईंना त्याचा आनंद झाला, आणि तो लपवायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

"नको," बाई पुन्हा म्हणाल्या. "नको. नको."

परभणीच्या त्या खोलीतली मुलं त्यांना आठवू लागली. टेबलाला धरून उभी राहणारी, फ्रॉकची शिवण चावणारी. कुणालाही त्याहून जास्त शब्द येत नव्हते आणि तेवढे पुरत होते. बाईंचा आवाज चिरकला. आता थांबायची सोय नव्हती. दुसरा एखादा शब्द तोंडून निघाला, एखादं 'असो', एखादं 'बरं', तर निवेदन संपलं असं यंत्र धरेल, दिवा विझेल आणि अर्ज बंद होईल. पाणी मागायचीसुद्धा चोरी होती. परभणीला फोन करून दिगंबररावांना 'हो, मनापासून म्हणाले होते' एवढं सांगायचं होतं. ते उत्तर त्यांना आत्ता, इथे बसल्यावर, कुठलीही शंका न येता सापडलं होतं. पण 'हो' म्हणायचीही सोय नव्हती.

मग पडद्यावर दुसरी ओळ आली, नियमाप्रमाणे, आपोआप:

'निवेदन अपूर्ण. ते पूर्ण करण्यासाठी अर्जातील बालक आयेरा हिला परिषदेसमोर हजर करण्यात यावे. तोपर्यंत विषय खुला राहील.'

सज्जात इल्दा पुढे वाकली. आपल्या भाषेत पडद्यावर तिने काय वाचलं कोण जाणे. ती कठड्याला धरून बाईंकडे बघत काहीतरी ओरडली आणि बाईंच्या कानात तिचा आवाज आला, फाटलेला, सरकारी मराठीतला:

"सदर मुलगी येईपर्यंत आपण उठू नये, बाई. उठू नये."

बाईंनी पदर सावरला, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि होकारार्थी मान हलवली.

"नको," त्या म्हणाल्या.